आत सेवा सुरू आहे

"जे आपसूक चाललंय, त्याचा अर्ज करू नकोस गं," असं कंपनीच्या आवक-जावक खिडकीवरच्या ताईंनी ठमीच्या आईला, परिपत्रक आलं त्या पहिल्याच दिवशी बजावलं होतं. "अर्ज केला की ते काम कागदावर जातं. आणि कागदावर गेलेलं काम परत माणसांत आलेलं मी तरी पाहिलेलं नाही."

ठमीच्या आईने ते हसण्यावारी नेलं. ताईंनी सव्वीस वर्षं एकाच खिडकीत बसून आलेल्या कागदांवर 'आला' आणि गेलेल्या कागदांवर 'गेला' असे शिक्के मारले होते. अशा बाईचा कागदावरचा विश्वास उडाला तर त्यात नवल ते काय. ठमीची आई स्वतः पदवीधर होती, वजनकाटे बनवणाऱ्या त्या कंपनीत ग्राहकांच्या तक्रारींना उत्तरं लिहीत होती, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे दहा महिन्यांच्या मुलीची आई होती. दहा महिन्यांच्या मुलीच्या आईला कुठूनही दोन तास झोप मिळण्याची शक्यता दिसली, तर ती तिथे अर्ज करतेच.

परिपत्रक असं होतं: 'कर्मचाऱ्यांना समाजाबद्दल वाटणारी आपुलकी कार्यालयीन वेळेत व्यक्त करता यावी, यासाठी प्रत्येकास वर्षाला चाळीस तासांची पगारी समाजसेवा रजा मंजूर करण्यात येत आहे. आपुलकी वाटत नसल्यास तसे कारणासह लेखी कळवावे.'

कुणीच कळवलं नाही. सगळ्यांना आपुलकी वाटत होती. फक्त ती कुणाबद्दल वाटते, हे बऱ्याच जणांना शोधावं लागणार होतं.

ठमीच्या आईला शोधावं लागलं नाही. तिच्या घराच्या बरोबर खाली, दुसऱ्या मजल्यावर, नकाशेकाका राहत होते. काका जन्मभर भूमापन कार्यालयात नकाशे काढत आले, म्हणून सगळे त्यांना तसं म्हणत. बायको गेलेली, मुलगी परदेशी. ती दर रविवारी संध्याकाळी फोन करायची. गेल्या वर्षी काका मोरीत पडले आणि दोन तास तिथेच पडून राहिले, तेव्हापासून ठमीच्या आईने एक रिवाज पाडला होता. सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी ठमीला कडेवर घेऊन उतरताना ती हातातल्या किल्लीने काकांच्या दारावर दोनदा टकटक करी. आतून काका काठीने जमिनीवर एकदा ठोकत. दोन म्हणजे 'आहात ना', एक म्हणजे 'आहे'. या साऱ्याला चार सेकंद लागत. ठमी कडेवरून त्या दाराकडे, ते तिचं स्वतःचं असल्यासारखी बघायची.

ठमीच्या आईने मनात बेत आखला. गुरुवारी दुपारी तीन तासांची रजा घ्यायची. काकांकडे अर्धा तास बसायचं, औषधाच्या बाटलीचं झाकण उघडून द्यायचं. राहिलेले अडीच तास एकोणीस पायऱ्या वर चढून ठमीशेजारी झोपायचं. तसं पाहिलं तर ठमीही समाजाचाच भाग होती.

कल्याण अधिकारी हा मऊ आवाजाचा गृहस्थ होता. त्याच्या टेबलावर प्लास्टिकचं रोप होतं आणि त्याला तो बोलता बोलता पाणी घालत असे.

"सेवेचं स्वरूप?" त्याने विचारलं.

"दार वाजवते."

"पुढे?"

"ते आतून वाजवतात."

त्याने पेन खाली ठेवलं. "मग सेवा नक्की कोण करतंय?"

"म्हणजे, ते ठीक आहेत हे मला कळतं."

"कळणं ही माहिती झाली, ताई. सेवा वेगळी. वेळ किती लागतो?"

"चार सेकंद."

"किमान एकक तीस मिनिटांचं आहे. तीस मिनिटं वाजवता येईल का?"

"तीस मिनिटं वाजवलं तर त्यांना वाटेल आग लागली."

त्याने 'सेवेमुळे लाभार्थ्यात सतर्कता निर्माण होते' असं लिहून घेतलं आणि पुढच्या रकान्याकडे वळला. "लाभार्थ्याशी नातं?"

"नातं काही नाही. ठमीला नात म्हणतात ते, एवढंच."

पाण्याची झारी हवेतच थांबली. "हे तुम्ही बोलायला नको होतं," तो हळहळून म्हणाला. "आता मला ते ऐकू आलं."

आठ दिवसांनी पत्र आलं. नकाशेकाका लाभार्थी म्हणून सर्व निकषांवर उतरले होते. वृद्ध, एकटे, पत्ता पक्का, जिना सोपा. अर्जदार मात्र अपात्र होती, कारण तिची लाभार्थ्याशी 'पूर्वीपासूनची आणि अप्रमाणित जवळीक' होती. आपुलकी असलेल्या माणसाने सेवा केली, तर त्यातली सेवा किती आणि आपुलकी किती, हे वेगळं तोलता येत नाही, आणि कंपनी तर वजनकाट्यांची. तेव्हा लाभार्थी क्रमांक एक यांची सेवा त्यांना अजिबात न ओळखणारे कर्मचारी करतील. शेवटी एक ओळ होती: 'यापुढे अर्जदाराने सदर लाभार्थ्यास अनोंदणीकृत सेवा देऊ नये. मोजमापात घोळ होतो.'

ताईंनी त्या पत्रावर 'गेला' असा शिक्का मारला आणि तिच्याकडे न बघताच ते तिच्या हातात दिलं.

"म्हणजे आता किल्लीसुद्धा वाजवायची नाही?" ठमीच्या बाबांनी घरी विचारलं.

"आता रोज माणसं येणार आहेत त्यांच्याकडे. मी चार सेकंद वाजवून काय मोठं करत होते?"

"तुला वाईट वाटतंय."

"मला झोप येतेय," ठमीची आई म्हणाली. दोन्ही खरं होतं.

तिला लाभार्थी मिळाल्या गावाच्या दुसऱ्या टोकाला राहणाऱ्या एक निवृत्त परिचारिका. धडधाकट बाई. त्यांनी दार उघडलं, ठमीच्या आईच्या डोळ्यांखालची वर्तुळं पाहिली, पापणी ओढून बघितली आणि तिला कोचावर आडवं केलं. "लोह कमी आहे तुझं. पड तासभर." ती पडली. तासाने उठवून बाईंनी तिच्या अर्जावर सही केली आणि 'सेवेनंतर आपणांस किती बरे वाटले' या प्रश्नापुढे दहापैकी नऊ लिहिले. एक गुण घोरण्याचा कापला. ठमीच्या आईला पाच मिनिटं अपराधी वाटलं. पुढच्या गुरुवारी ती घरून उशी घेऊन गेली.

इकडे नकाशेकाकांकडे पहिलं पथक आलं. सात माणसं, सात एकसारखे सदरे. नियम असा होता की सेवेच्या आधीचा आणि नंतरचा असे दोन फोटो हवेत आणि त्यांत फरक उघड्या डोळ्यांना दिसायला हवा. काकांच्या दोन खोल्या तर आरशासारख्या. जन्मभर मिलिमीटर मोजलेला माणूस. त्याच्या घरात धूळसुद्धा रांगेत बसायची. पथकाने तासभर फरक शोधला. मग त्यांनी दार रंगवलं.

दुसऱ्या पथकानेही दारच रंगवलं, कारण आधीच्या फोटोत ते निळं होतं आणि नंतरच्यात हिरवं झालं. फरक उघड होता. पद्धत बसली.

काकांनी पहिल्यांदा दहापैकी तीन गुण दिले, कारण सात माणसांना चहा करताना त्यांचे गुडघे दुखले. त्यामुळे 'समाधानात वाढ करण्यासाठी' त्याच आठवड्यात आणखी दोन पथकं आली. काका हुशार माणूस. त्यांनी लगेच दहा द्यायला सुरुवात केली. पण मग कंपनीभर बोभाटा झाला की लाभार्थी क्रमांक एक हमखास दहा देतात, आणि त्यांच्यासाठी प्रतीक्षा यादी लागली. एव्हाना गावात लाभार्थ्यांची टंचाई होती. चारशे कर्मचारी आणि पत्ता पक्का असलेले एकटे म्हातारे अवघे एकतीस. मालमोजणी विभागाने एका आजींना पटवून त्यांच्या मुलाला वेगळं राहायला सांगितलं, अशीही बोलवा होती.

एके दिवशी जिन्यात काका भेटले. स्टुलावर बसले होते, आत माणसं होती म्हणून.

"आज कुठला रंग, काका?"

"पिस्ता."

"परवाही पिस्ताच होता ना?"

"परवाचा फिका होता. आजच्या पथकाला तो फरक उघड वाटतोय." त्यांनी ठमीच्या गालाला बोट लावलं. बोटावर पिस्ता होता. "आणि गं, सकाळी वाजवत नाहीस तू हल्ली?"

ठमीच्या आईने ठमीचा गाल पदराच्या टोकाने पुसला. जरा जास्तच वेळ पुसला. "आता एवढी माणसं येतात की तुमच्याकडे."

"येतात. पण दार कुणी वाजवत नाही. ओलं असतं."

"फोन आहे ना जवळ तुमच्या?"

"आहे की. त्या संगणकवाल्या पथकाने शिकवला मला नीट. आता तो चेहरा बघून उघडतो."

"मग बरंय."

"त्यांच्यातल्या एकाचा चेहरा," काका म्हणाले. "माझा लावायचा राहिला. त्यांची वेळ संपली."

तिने नवऱ्याला सांगून तो फोन दुरुस्त करून घ्यायचं ठरवलं. ठमीला त्याच दिवशी ताप भरला. राहिलं.

त्या सुमारास कल्याण अधिकाऱ्याच्या लक्षात आलं की पथकं दीड तास काम करून तीन तास लिहितात. म्हणून प्रत्येक पथकाला एक पाटी देण्यात आली: 'आत सेवा सुरू आहे. कृपया व्यत्यय आणू नये.' पाटी दाराच्या मुठीला अडकवली की फोटो काढून पाठवायचा, तिथून सेवा सुरू. पाटी काढली की पुन्हा फोटो, सेवा समाप्त. मधला सगळा वेळ सेवेचा. माणसापेक्षा पाटी मोजणं सोपं होतं.

मग सेवावर्षाचा शेवटचा आठवडा आला. न वापरलेले तास वाया जाणार होते, त्यामुळे कंपनीत आपुलकीला एकदम ऊत आला. काकांच्या दारावर सोमवारी आकाशी, मंगळवारी करडा, बुधवारी सकाळी पिवळा आणि दुपारी पुन्हा आकाशी. शुक्रवारी दुपारी तीन वाजता बांधणी विभागाचं पथक आलं. या लोकांचा खोकी चिकटवण्याचा हात. त्यांनी पाटी लावली, फोटो पाठवला. काका आत डुलकी घेत होते. त्यांना उगाच कशाला उठवा म्हणून यांनी दार हलकेच ओढून घेतलं आणि बाहेरून कडा, फटी, बिजागऱ्या, सगळं रंगाने भरून काढलं. एक फट ठेवली नाही. चार वाजता तास संपले, तशी माणसं निघून गेली. पाटी काढायची कुणाची, यावर जिना उतरता उतरता चर्चा झाली म्हणे.

शुक्रवारी संध्याकाळी खालून ठोकण्याचा आवाज यायला लागला.

ठमीच्या आईने कपाळाला हात लावला. दात येत होते म्हणून ठमी आधीच किरकिर करत होती, कुठे जरा डोळा लागतोय तोवर खालून ठक. थोडं थांबून, ठक. "अजून चाललंय यांचं," ती म्हणाली.

"शेवटचा आठवडा ना," ठमीचे बाबा म्हणाले. "आता सुतारकामावर आले असतील."

शनिवारी सकाळी पुन्हा ठक. दुपारी दोन ते चार शांत, आणि चारनंतर पुन्हा ठक. ती तरातरा खाली गेली. दारावर पाटी होती. सव्वीस नाही, तरी चार वर्षांच्या नोकरीने तिला एक गोष्ट शिकवली होती: छापील विनंतीसमोर माणूस आवाज करत नाही. ती चवड्यांवर माघारी फिरली. जाताना तिला तेवढ्यात ताज्या रंगाचा वास आला आणि वाटलं, चला, म्हाताऱ्याकडे माणसं आहेत. तिला हायसंसुद्धा वाटलं.

वर येऊन तिने सेवा विभागाच्या संकेतस्थळावर तक्रार लिहिली. तक्रारींना उत्तरं देण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं, तेव्हा तक्रारही देखणी उतरली: 'सेवेच्या उदात्त हेतूबद्दल दुमत नाही. तथापि, ठोकण्याच्या आवाजाने लहान बालकाची झोपमोड होत आहे. दुपारी दोन ते चार या वेळेत आवाज बंद असतो, तसाच तो इतर वेळीही ठेवावा.' मिनिटाभरात यंत्राकडून उत्तर आलं: 'आपल्या परिसरात सेवा ऐकू येत आहे, याचा आम्हास आनंद आहे.'

रविवारी सकाळी आवाज बराच कमी झाला. लांबून आल्यासारखा, आणि मधलं अंतर वाढलेलं. ठमीच्या आईला बरं वाटलं. तिने ठमीला जमिनीवर बसवलं, हातात वाटी दिली आणि स्वतः बऱ्याच दिवसांनी गरम असलेला चहा प्यायला बसली.

खालून ठक झालं.

ठमीने मान वळवली. जमिनीकडे बघितलं. मग वाटी उचलून फरशीवर दोनदा आपटली.

खालून लगेच एक ठक.

ठमी खिदळली. पुन्हा दोनदा आपटली. पुन्हा एक.

ठमीच्या आईच्या हातातला कप तसाच राहिला. जी बाई झोपलेल्या लेकीच्या नाकाखाली बोट धरून श्वास तपासल्याशिवाय स्वतःचा श्वास घेत नव्हती, जिला ठमीच्या रडण्याचे सहा प्रकार आवाजावरून ओळखता येत, तिने दोन दिवस तो ठोका ऐकला होता आणि त्यावर तक्रार केली होती.

तिने नवऱ्याला हाक मारली की नाही, हे तिला आठवत नाही. एकोणीस पायऱ्या, पाटी ओढून भिरकावली, दार ढकललं. दार हलेना. अकरा हातांचा रंग दार आणि चौकट एकजीव करून बसला होता. तिने स्वयंपाकघरातलं उलथनं आणून फटीतून फिरवलं, नवऱ्याने खांदा लावला, आणि रंगाची लांबच लांब साल निघत, पिस्ता, करडा, पिवळा, आकाशी असे थर दाखवत ते दार उघडलं.

काका दारामागेच खुर्ची ओढून बसले होते. सदऱ्याची बटणं वरपर्यंत लावलेली, काठी हातात. साखरेच्या गोळ्या शनिवारीच संपल्या होत्या. बिस्किटांच्या पुड्याची घडी करून त्यांनी ती नीट खिशात ठेवली होती.

"काका... किती वेळ ठोकताय?"

"शुक्रवारपासून." आवाज कोरडा पडला होता. "खिडकीतूनही हात केला लोकांना. सगळ्यांनी हात केला परत. चांगली माणसं आहेत."

"आणि मध्येच थांबत का होतात तुम्ही?"

"दोन ते चार ना?" काका म्हणाले. "ठमी झोपते ना तेव्हा."

ठमीची आई त्यांना धरून जिना उतरवायला लागली. डॉक्टरांनी दोन दिवस ठेवून घेतलं, सलाइन लावलं आणि सांगितलं की आणखी एक दिवस गेला असता तर आम्ही वेगळं काही बोलत असतो. तिसऱ्या दिवशी काका घरी आले. दार त्यांनी बिजागऱ्यांतून काढून घासायला दिलं आणि ते परत येईपर्यंत चौकट उघडी ठेवून मजेत बसून राहिले.

कंपनीत मात्र नोंद निघाली. शुक्रवारी दुपारी तीन वाजता पाटी लागली, ती रविवारी सकाळी अकरा वाजता निघाली. सलग चव्वेचाळीस तास. कंपनीच्याच काय, कल्याण अधिकाऱ्याच्या माहितीतल्या कुठल्याही कंपनीच्या इतिहासात इतकी अखंड सेवा कुणी केली नव्हती. बांधणी विभागाला ढाल मिळाली. पथकप्रमुख भाषणात म्हणाला की आम्ही फक्त निमित्त होतो, आणि हे त्या समारंभातलं एकमेव अचूक विधान होतं.

दुसऱ्या दिवशी ठमीच्या आईला नोटीस आली. 'आपण अपात्र अर्जदार असूनही, सुरू असलेल्या सेवेची पाटी विनापरवाना काढून सेवेत व्यत्यय आणला. त्यामुळे विक्रम अठ्ठेचाळीस तासांपर्यंत जाण्यापासून वंचित राहिला. तसेच व्यत्ययाच्या वेळी आपण कोणत्याही मंजूर रजेवर नव्हता. तीन दिवसांत खुलासा करावा.'

"रविवार होता," ती कल्याण अधिकाऱ्याला म्हणाली.

"तेच तर," तो मऊपणे म्हणाला. "रजा नसताना केलेली सेवा आम्ही कुठे दाखवायची?"

"आणि काका आत अडकले होते ते?"

"त्यांनी गुण दिलेले नाहीत अजून. तोवर आम्हाला काही म्हणता येत नाही."

ठमीच्या आईने खुलाशाचा कागद घेतला. चार वर्षं ती लोकांच्या तक्रारींना जी उत्तरं लिहीत आली होती, त्यातलं एकही वाक्य तिला आठवेना. मग तिने सरळ लिहून टाकलं. कागद कुणाच्या टेबलावर जाईल, कोण वाचेल, हे तिला माहीत नव्हतं. म्हणून 'महोदय' खोडून तिने 'वाचणाऱ्यास' असं केलं.

'वाचणाऱ्यास, आवाज मला पहिल्या दिवसापासून येत होता. मी त्याला काम समजले, कारण काम समजलं की उठावं लागत नाही. मला शिक्षा द्यायची असेल तर ती पाटी काढल्याबद्दल देऊ नका, दोन दिवस उशिरा काढल्याबद्दल द्या. आता एक विनंती. आपल्या घराच्या वर, खाली किंवा भिंतीपलीकडे कुणीतरी एकटं राहत असेल. त्यांच्याकडे कुणी ना कुणी येत-जात असेल, असं आपल्याला वाटत असेल. मलाही तसंच वाटलं होतं. हा कागद खाली ठेवा आणि बघून या. तिकडून काही आवाज येत असेल, तर पुढचं वाक्य न वाचता जा. आणि येत होता, पण आजकाल बंद झालाय, म्हणून आपल्याला जरा बरं वाटत असेल, तर पळत जा.'